सहा शुक्रवारांची खिचडी

उपवास करणारी माणसं जास्त जेवतात. हे कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही, पण चाळीस वर्षं मी शंभर-दोनशे माणसांचा स्वयंपाक केला आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. लग्नाची पंगत असेल तर शंभर पानांना आठ किलो तांदूळ पुरतो, कारण लोक बुंदीवर हात मारतात. मयताच्या घरचं जेवण असेल तर सात, कारण पहिल्या वाढीला सगळे नको म्हणतात आणि दुसऱ्या वाढीला कुणी विचारत नाही. उपवास सोडायचा असेल तर मात्र बारा किलो धरायचा आणि वर दोन मुठी टाकायच्या.

माझं नाव मार्था. बायबलातली मार्था चुलीपुढे राबत राहिली, तिची बहीण प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहिली आणि शाबासकी मिळाली ती बहिणीला. आईने माझं हे नाव ठेवलं तेव्हाच माझी नोकरी ठरली असावी. शिरूरच्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये मी स्वयंपाकीण म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली लग्नं, बाप्तिस्मे, नाताळचं जेवण, सगळं माझ्याच चुलीवर. आता गुडघे चुलीपुढे बसू देत नाहीत, म्हणून खुर्चीवर बसून लिहिते आहे.

देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, स्वयंपाकाची एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. इतर ठिकाणी स्वयंपाक घड्याळावर चालतो, आमच्याकडे उपदेशावर. लोक देवळात बसलेले, आपण मागच्या अंगणात. आमेन झालं की दहा मिनिटांत गरम पान पुढे यायला हवं. आधी झालं तर भात गार, नंतर झालं तर लोक गरम. म्हणून स्वयंपाकिणीला पाळकाचा, म्हणजे पाद्रीसाहेबांचा, स्वभाव पाठ असावा लागतो. आमचे त्या वेळचे पाळकसाहेब फार भले गृहस्थ होते, पण बोलायला लागले की थांबायची जागा त्यांना सापडत नसे. त्यांनी पहिल्यांदा "आता शेवटी" म्हटलं की मी डाळ चढवायची. दुसऱ्यांदा "आता शेवटी" म्हटलं की तांदूळ वैरायचा. तिसऱ्यांदा म्हटलं की पत्रावळ्या मांडायच्या. एकदाही चुकले नाही.

ही सगळी हुशारी दौंडला एका उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, पाण्यात गेली, त्याची ही हकिकत. आणि खरं सांगायचं तर खिचडीपेक्षा जास्त माझ्या धाकट्या बहिणीची, सगुणेची.

आई गेली तेव्हा सगुणा पाच वर्षांची होती. मीच तिला भरवलं, मीच वेणी घातली, मीच बोर्डिंगच्या शाळेत बसवलं. ती वाढली, नर्सबाईंच्या हाताखाली काम शिकायला दौंडला गेली आणि तिथे रेल्वेतल्या एका फायरमनशी लग्न ठरवून आली. नाव पीटर, मुलगा निर्व्यसनी, क्वार्टर मिळालेलं. फक्त तो रोमन होता, म्हणजे कॅथलिक. आणि आम्ही मिशनवाले. आज कुणाला हसू येईल, पण त्या काळी आमच्या वस्तीत रोमन म्हणजे दुसरं गाव. ते मूर्तीपुढे मेणबत्ती लावतात, आम्ही लावत नाही, एवढ्यावर माणसं सोयरीक मोडायची. मी सगुणेला सांगितलं, "त्यांच्या देवळात लगीन लावलंस तर मी चूल पेटवणार न्हाई."

तिने लावलं. मी पेटवली नाही. अख्ख्या शिरूरच्या मंडळीतल्या पोरींची लग्नं माझ्या हातच्या जेवणावर झाली आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मी बोर्डिंगमध्ये तांदूळ निवडत बसले. लग्नाला गेलेले लोक संध्याकाळच्या एसटीने परतले ते भुकेजलेले. तिकडच्या रेल्वेवाल्यांनी केक आणि पावाचे त्रिकोणी तुकडे दिले म्हणे. ते ऐकून मला बरं वाटलं. याची लाज मला आजही वाटते. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घोडनदीच्या पात्रात फक्त दगड राहिले. बोर्डिंगच्या विहिरीने तळ दाखवला, मुलं घरी पाठवली आणि मी रिकामी बसले. तेवढ्यात पाळकसाहेब छत्री टेकत आले. शिरूर आणि दौंड, दोन्ही मंडळ्या त्यांच्याकडेच होत्या आणि ते सतत एसटीत असायचे.

"मार्थाबाई," ते म्हणाले, "दौंडला आपलं देऊळ आणि रोमन देऊळ शेजारी शेजारी आहे. फादरांचं आणि माझं बोलणं झालं. यंदा उपवासकाळात दर शुक्रवारी दोन्ही मंडळ्यांनी मिळून उपासना करायची आणि मिळून जेवायचं. लोक खडी फोडून उपाशी येतात. फादरांकडे मदतीचा तांदूळ आलाय, आपल्याकडे डाळ आहे."

"म्हंजी खिचडी," मी म्हटलं.

"एक शुक्रवार आपल्या देवळात, तिथे फादर उपदेश करतील. एक शुक्रवार त्यांच्या देवळात, तिथे मी करीन. त्यांच्याकडून एक बाई येतील तुमच्या मदतीला."

पाळक खोटं बोलत नाहीत. आमचे पाळकसाहेब उपदेश सोडून बाकी सगळं थोडक्यात बोलायचे, एवढंच. ती बाई कोण, हे मला दौंडला पोचल्यावर कळलं. रोमन देवळाच्या आवारात लिंबाखाली दगडांचं मोठं चुलाण मांडलेलं आणि त्याच्यापुढे पदर खोचून सगुणा लाकडं लावत बसलेली. अंगाने भरली होती. केसांत एक पांढरी बट आली होती.

मी मागे फिरणार होते, पण शिरूरची एसटी सकाळशिवाय नव्हती.

चुलाण तिथेच का, तर रेल्वेमुळे त्या आवारातल्या नळाला पाणी होतं आणि आमच्या देवळाच्या नळाला नुसती हवा यायची. दोन देवळांच्या मधे एक तारेचं कुंपण. लिंबाखाली बसलं की दोन्हीकडचं ऐकू यायचं. आम्हा दोघींना एकच डेग, एकच चुलाण आणि एकच मनुष्य मदतीला, तो म्हणजे लाजरस मामा. हे आमच्या देवळाचे झाडलोट करणारे, घंटा वाजवणारे, साठीचे, शांत गृहस्थ. पहिल्या दिवसापासून त्यांची शांती आम्ही घालवली.

"मामा, तिला सांगा, जाळ मोठा हाय."

लाजरस मामा दोन पावलं चालून जायचे. "सगुणाबाई, त्या म्हणत्यात जाळ मोठा हाय."

"मामा, त्यांना सांगा, लाकूड ओलं हाय, जाळ मोठा ठिवावा लागतो."

मामा दोन पावलं परत. आमच्या दोघींमध्ये अंतर हातभर होतं.

तासाभराने मामांनी डोक्याचा रुमाल काढून घाम पुसला. "बायांनो, मी घंटा वाजवायच्या पगारावर हाय. तारबाबूच्या न्हाई."

पहिला शुक्रवार आमच्या देवळात. उपदेश फादरांचा. फादर मंगळूरकडचे, मराठी पुस्तकासारखं बोलायचे. मी कान देऊन "आता शेवटी" ची वाट बघत बसले. तेवढ्यात सगुणा डेगीकडे बघून म्हणाली, "मामा, त्यांना सांगा, तांदूळ आत्ताच टाका, फादर सात मिनिटांत उरकत्यात." पण मामा घंटेच्या दोरीपाशी गेले होते. मी ऐकलं. पण मला थेट सांगितलेलं नाही म्हणून मी ऐकलं नाही असं धरलं. नाकावरच्या रागाला औषध नसतं.

सातव्या मिनिटाला फादर म्हणाले, "आमेन."

डेगीत पाणीसुद्धा उकळलं नव्हतं. सव्वाशे माणसं दिवसभर उपाशी, हात धुऊन पंगतीला बसलेली आणि आमच्याकडे कच्चे तांदूळ. मी कुंपणापाशी धावले आणि पाळकसाहेबांना खूण केली. त्यांना हेच हवं होतं. त्यांनी सगळ्यांना पुन्हा आत बोलावलं आणि सांगितलं, कुणाला साक्ष द्यायची असेल तर द्यावी. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. आमच्या पंचांतले दाऊद आबा उभे राहिले. त्यांनी स्वतःच्या जन्मापासून सुरुवात केली. खिचडी शिजली, मुरली, घट्ट झाली, पळी उभी राहायला लागली, आबा अजून चौथीच्या परीक्षेत होते. शेवटी ती वाढली तेव्हा वड्या पाडता आल्या असत्या.

रोमन मंडळींनी विनातक्रार खाल्ली. त्यांना वाटलं, मिशनवाल्यांची खिचडी अशीच असते.

पुढचा शुक्रवार रोमन देवळात. त्यांच्याकडे उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची भक्ती असते. भिंतीवर चौदा चित्रं, प्रत्येक चित्रापाशी प्रार्थना, प्रत्येक वेळी गुडघे टेकायचे आणि उठायचं. आमच्या लोकांना उभं राहायची सवय होती, बसायची होती, पण चौदा वेळा खाली-वर करायची नव्हती. दाऊद आबा "रोमनांपुढं माघार न्हाई" म्हणत सहाव्या चित्रापर्यंत टेकत गेले. सातव्याला टेकले ते राहिलेच. दोन रेल्वे खलाशांनी त्यांना बखोटीला धरून उभं केलं. बाहेर आणून बसवल्यावर ते मला म्हणाले, "मार्थे, हा धरम तरण्या माणसांचा हाय."

सगुणा मात्र त्या दिवशी निश्चिंत होती. तिचंही एक घड्याळ होतं. तिसऱ्या चित्राला डाळ, नवव्याला तांदूळ, चौदाव्याला खिचडी तयार. तिने नवव्याला तांदूळ वैरला. तिला हे ठाऊक नव्हतं की चौदाव्यानंतर आमचे पाळकसाहेब उभे राहिले की लवकर बसत नाहीत. मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

पाळकसाहेब सव्वा तास बोलले. तळ लागला. करपल्याचा वास देवळाच्या खिडकीतून आत गेला आणि साहेबांना पापाबद्दल जे काही सांगायचं होतं ते लोकांना एकदम पटलं म्हणतात. त्या दिवशी पंगतीत जो तो पाणी मागत होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी दोन्ही मंडळ्यांची गत झाली.

तिसऱ्या शुक्रवारी दोघींनाही शहाणपण आलं. मला फादर कळत नव्हते, तिला पाळकसाहेब कळत नव्हते, आणि एकमेकींना विचारल्याशिवाय डेग नीट उतरणार नव्हती. लाजरस मामा तर आम्ही तोंड उघडलं की घंटेकडे निघून जायचे. मग मी एक युक्ती काढली. मी डेगीशी बोलायला लागले.

"डेगीबाई," मी म्हटलं, "आमचं साहेब तीनदा 'आता शेवटी' म्हणत्यात. दुसऱ्याला तांदूळ टाकायचा असतो बरं का."

सगुणाने पळी फिरवली आणि डेगीलाच म्हणाली, "डेगीबाई, फादरांनी चष्मा काढून ठिवला की समजायचं दोन मिनिटं राह्यली."

अशा रीतीने खिचडी सुधारली. तिसऱ्या शुक्रवारची मऊ, मोकळी, गरम आणि वेळेवर. लोकांनी तिसऱ्यांदा मागून घेतली. डिसोझा अंकल म्हणून एक निवृत्त मेल ड्रायव्हर होते, त्यांनी उपवासकाळापुरती दारू सोडली होती. दारू सोडलेला माणूस खातो किती हे ज्याला बघायचं असेल त्याने त्यांना बघायला हवं होतं. बारा किलोचा माझा हिशेब त्यांनी एकट्याने चुकवला. त्याच दिवशी त्यांनी घरून बोंबलाची चटणी आणली आणि मोठा पेच उभा राहिला. रोमनांत शुक्रवारी मटण वर्ज्य, पण मासळी चालते. आमच्यात काय चालतं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं, कारण आमच्याकडे शुक्रवारी कुणी मटण आणलेलंच नव्हतं.

फादर म्हणाले, "प्रभूने स्वतः पाच भाकरी आणि दोन मासे लोकांना वाटले."

दाऊद आबा म्हणाले, "व्हय, पण तवा शुक्रवार व्हता का?"

फादरांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब म्हणाले, अभ्यास करून पुढच्या शुक्रवारी सांगतो. तेवढ्यात आबांनी चवीपुरते दोन बोंबील उचलले. ठराव करायचा तर माहिती असावी लागते, असं त्यांचं म्हणणं.

मी पंगतीतून फिरत होते. फिरणं हे माझं काम. जेवणारा लाजला तर स्वयंपाक फुकट जातो. "जेवा आबा. जेवा फादर, आणखी घाला. डिसोझा अंकल, लाजू नका." डिसोझा अंकल म्हणाले, "हम शरमाता नही बाई, हम दम लेता." सगळे हसले.

सगुणा वाढत होती. वाढून झालं की ती हात धुवायची, भिंतीला टांगलेली पिशवी घ्यायची आणि निघायची. एक घास खायची नाही. रोमन बायका तिला थांबवायच्या, तर म्हणायची, "माझा उपास हाय." पहिल्या शुक्रवारी तेच, दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच. बाकीचे सगळे सूर्य कलला की उपास सोडत होते, हिचाच सुटत नव्हता. मला पक्कं कळलं होतं की हा उपास प्रभूसाठी नाही, माझ्यासाठी आहे. माझ्या हातचं ती खाणार नव्हती. तिच्या लग्नाला मी चूल पेटवली नाही, आता माझ्या चुलीवरचं ती तोंडात घालणार नाही. बरोबरच होतं म्हणा. पण आत कुठेतरी फार लागायचं. बोर्डिंगची ऐंशी पोरं माझ्या हातचं खाऊन मोठी झाली, शिरूरचा पोस्टमन माझी आमटी मागून न्यायचा, आणि जिला ती पाच वर्षांची असताना मी मांडीवर घेऊन भरवलं तिने माझ्यापुढून उपाशी उठून जायचं.

कहर म्हणजे चौथ्या शुक्रवारी फादरांनी चौदाव्या चित्रापाशी तिचं उदाहरण दिलं. म्हणाले, आपल्यातल्या सगुणाबाईंसारखा उपवास करा, स्वतः शिजवतात, इतरांना वाढतात, स्वतः मात्र घास घेत नाहीत. सव्वाशे माणसांनी मान डोलावली. मी डेगीच्या झाकणावर पळी आपटली.

"डेगीबाई," सगुणा म्हणाली, "हळू."

पाचवा शुक्रवार, सहावा शुक्रवार तसेच गेले. आम्ही दोघी आता डेगीमार्फत बऱ्याच गप्पा मारायला लागलो होतो. डेगीला कळलं की पीटरची बदली टळली. डेगीला कळलं की सगुणेला दोन मुली आहेत आणि धाकटी माझ्यासारखी हट्टी आहे. डेगीला मीही सांगितलं की शिरूरच्या घराचं छप्पर नवीन घातलं. पण एकमेकींना नावाने हाक नाही, आणि जेवणाची वेळ झाली की तिची पिशवी खांद्याला. सहाव्या शुक्रवारी रात्री पाळकसाहेबांच्या दौंडच्या घरी मला झोप आली नाही. आता उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सगळ्यांचाच कडक उपास, स्वयंपाकच नाही. मग पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा, रविवार, सकाळी एकत्र उपासना, एकत्र जेवण, की संपलं. माझी शिरूरची एसटी. पुन्हा नऊ वर्षं.

मी ठरवलं, त्या रविवारी तिच्या लग्नात जे करायला हवं होतं ते करायचं. फादरांनी बोकड मिळवला होता. मी शनिवारीच येऊन मसाला वाटला, खोबरं भाजलं, कांदा चुलीत घातला. आमच्या शिरूरकडच्या लग्नात जसा लागतो तसा काळा रस्सा, पांढरा भात आणि मूठ-मूठ बुंदी. मसाल्याचा वास सुटला तेव्हा सगुणाने माझ्याकडे एकदा बघितलं. तिला तो वास ठाऊक होता. तिने न सांगता जाळ कमी केला.

सकाळची उपासना दोन्ही देवळांच्या मधल्या मोकळ्या जागेत झाली. तारेचं कुंपण लाजरस मामांनी त्या दिवसापुरतं काढून ठेवलं होतं. फादर सात मिनिटं बोलले. पाळकसाहेबांनीही, काय चमत्कार, एकदाच "आता शेवटी" म्हटलं आणि खरंच थांबले. लोक त्यांच्याकडे काळजीने बघायला लागले. माझी सगळी तयारी होती, पंगत लगेच बसली.

मी फिरत होते. जेवा आबा. जेवा फादर. डिसोझा अंकल, आज रस्सा तुमच्यासाठीच केलाय. सगुणा भात वाढत होती. शेवटचं पान वाढलं, तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पिशवी उचलली.

माझा तोल गेला. सव्वाशे माणसांसमोर मी ओरडले, "सगुणे! आज कसला उपास गं? आज प्रभू उठला. आज त्या डिसोझांचीसुद्धा सुटका झाली. आज तू कुणासाठी उपाशी मरतीस?"

सगळ्यांचे घास हातात राहिले. नऊ वर्षांनी मी तिला नावाने हाक मारली होती आणि तीही अशी.

सगुणा वळली. मला वाटलं, आता ती माझी नऊ वर्षांची सगळी पापं पंगतीसमोर वाचणार. ती म्हणाली, "अक्का, सहा शुक्रवार झालं. तू आबांना जेवा म्हणलीस. फादरांना म्हणलीस. डिसोझांना तर दर पळीला म्हणलीस. त्या तारेजवळचं कुत्रं आलं तर त्यालाबी म्हणलीस, खा रं बाबा. मला कवा म्हणलीस? एकदा तरी म्हणलीस का, सगुणे, जेव म्हून?"

मी आठवून बघितलं. खरंच, एकदाही नाही. मी समजत होते ती मानापायी उपाशी राहते आहे, आणि ती बिचारी पिशवी घेऊन हळूहळू हात पुसत उभी राहायची, मी बोलावीन म्हणून. बिनबोलावता जेवायला बसायची पद्धत आमच्या घरात नाही. ती मीच तिला लहानपणी शिकवली होती.

 शेवटी म्हटलं, "तुझ्या लग्नाला मी चूल पेटवली न्हाई. चुकलं माझं."

लाजरस मामा आमच्या दोघींच्या मधे पाण्याची घागर घेऊन उभे होते. सवयीने ते सगुणेकडे वळले. "त्या म्हणत्यात, चुकलं त्यांचं."

"ऐकलं मामा," सगुणा म्हणाली. "मी काय बहिरी न्हाई."

पंगतीत कुणीतरी हसलं, मग सगळेच. दाऊद आबांनी डोळे पुसले आणि तिखटाचं निमित्त केलं. मी एक पान मांडलं, भात वाढला, रस्सा वाढला, बुंदी वाढली आणि म्हटलं, "सगुणे, जेव." दोन शब्द, पण सव्वाशे माणसांच्या स्वयंपाकाला लागलं नव्हतं एवढं बळ त्याला लागलं.

ती पानावर बसली, पण हात लावेना. मला वाटलं अजून काही राहिलं. तिने शेजारची एक पत्रावळ ओढली, समोर मांडली, डेगीतून स्वतः भात घेतला, रस्सा घेतला, बुंदी घेतली. स्वयंपाकिणीने पंगतीत बसायचं नसतं, सगळ्यांचं झाल्यावर तळाला राहिलेलं उभ्याने खायचं, हा आमच्या कामाचा नियम. इतकी वर्षं मी तो पाळला होता आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. सगुणाने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि ते पान माझ्यापुढे सरकवलं.

"जेव, अक्का," ती म्हणाली. आई गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं.